गेमिंग कॉम्प्युटर जुळवताय? पार्ट निवडताना या चुका टाळा

इंदूरला जेल रोडवर किंवा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन मागा. यादी बहुधा प्रोसेसरपासून सुरू होते आणि उरलेल्या पैशांत बसेल तो एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) शेवटी टाकला जातो. पुढच्या अर्ध्या तक्रारी या क्रमातूनच निघतात. आधी मॉनिटर ठरवा. १०८०पी की १४४०पी (स्क्रीनवर चित्र किती बारीक दिसणार), यावरून ग्राफिक्स कार्ड ठरतं, कार्डावरून एसएमपीएस, आणि मग प्रोसेसर-मदरबोर्ड. गेमिंगसाठी आय७ प्रोसेसर आणि हलकं कार्ड यापेक्षा आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ७६०० आणि दमदार कार्ड ही जोडी केव्हाही चांगली.

एसएमपीएसमध्ये काटकसर

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट पाहून भुलू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. ‘५०० वॅट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे २० अँपिअर दिसले, तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून हाती येणार २४० वॅटच. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्काही फक्त विजेचा अपव्यय किती होतो ते सांगतो. आतले कपॅसिटर आणि संरक्षण सर्किट कसं आहे, हे त्यावरून कळत नाही. वॉरंटी किमान ५ वर्षांची असेल असाच घ्या.

आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाला ११५ वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ४०७० ला २०० वॅट लागतात आणि शिफारस ६५० ची आहे. एवढी मोकळीक ठेवायचं कारण असं, की भार अचानक वाढला की कार्ड क्षणभर नेमून दिलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. एसएमपीएस तेवढ्यात मान टाकतो आणि ऐन गेममध्ये कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. ती एवढंच सांगते, की वीज अचानक तुटली किंवा मशीन नीट बंद न होता थांबलं. दोष एसएमपीएसचाच आहे असं नाही. फरक लक्षणांवरून ओळखा. उष्णतेचा त्रास असेल तर आधी फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) घसरतो, पंखे ओरडतात आणि मग मशीन बंद पडतं. एसएमपीएस कमी पडत असेल तर काही पूर्वसूचना न देता स्क्रीन काळी होते.

जुन्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, आणि एसएसडी किंवा हार्ड डिस्क क्षणात जळते.

दिवाळीत घेतलेलं मशीन मे महिन्यात तापतं

धनत्रयोदशीला मशीन घरी येतं, रात्री हवा गार असते, सगळं छान चालतं. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या पुढे गेला की तेच मशीन धापा टाकू लागतं. खोलीचं तापमान जितकं वाढेल, साधारण तितकंच आतलं तापमान वाढतं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड ४० अंशांत ८५ कडे जाणारच. म्हणून पुढून पूर्ण काचेचं बंद कॅबिनेट, कितीही देखणं दिसलं तरी, आम्ही सुचवणार नाही. पुढे जाळी हवी. हवा आत घेणारे दोन पंखे समोर, बाहेर फेकणारा एक मागे. टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा बसणारा उंच कूलर) घेणार असाल तर त्याची उंची आणि कार्डाची लांबी कॅबिनेटच्या मापांशी मिलिमीटरमध्ये ताडून घ्या. बसवताना कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायची राहून जाते. विंडोज सुरू होता होता प्रोसेसर ९० अंशांवर गेला तर कूलर काढून आधी तेच पाहा.

सारखी नावं, वेगळे पार्ट

आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी कार्ड आणि ८ जीबी कार्ड यांत मेमरीपलीकडचाही फरक आहे. ६ जीबीवाल्यात कोअरही (हिशेब करणारे भाग) कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधली जोडणी) फक्त ४ लेन वापरतं, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या जुन्या मदरबोर्डवर ते आणखी मंदावतं. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

‘कोअर आय७, १६ जीबी’ अशी स्वस्त जाहिरात दिसली तर पिढी विचारा. आय७-२६०० हा २०११ चा प्रोसेसर आहे. त्यात एव्हीएक्स२ हा नव्या प्रोसेसरमधला आज्ञासंच नाही, म्हणून काही नवे गेम उघडतच नाहीत. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बी४५० या जुन्या मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० प्रोसेसर चालतो, पण बायोस (बोर्डमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) नवं हवं. दुकानातच अपडेट करून मागा.

रॅम आणि पहिली सुरुवात

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ६००० ची डीडीआर५ रॅम बहुधा ४८०० वरच चालते. डीडीआर५ मशीन पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटरही विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बदल करेपर्यंत ६० वरच राहू शकतो.

यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅट वाचा. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ४०६० च्या मशीनला मॉनिटरसह तो पुरतो. ४०७० आणि मोठा प्रोसेसर असेल तर किमान १००० व्हीए घ्या, नाहीतर गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएसही त्याच क्षणी बसतो. बिल जीएसटीचं मागा आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी मागायला गेल्यावर बिलावरचा नंबर आणि पार्टवरचा नंबर जुळवून पाहिला जातो.