सॉफ्टवेअरची चाचणी पुरेशी झाली, हे कसे ठरवावे

‘बग (सॉफ्टवेअरमधील दोष) सापडायचे थांबले की रिलीज करा’ हा सल्ला मी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकतो, आणि तो टाकाऊ आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानासाठी हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, काढणारे सॉफ्टवेअर तयार झाले आहे, असे समजून पुढचे वाचावे.

चाचणीला हात घालण्यापूर्वीच, कोणता दोष असेल तर रिलीज रोखायचे, हे अडत्यासमोर बसून लिहून काढावे. वजन, दर, हमाली-तोलाईची कपात किंवा शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम चुकली, तर रिलीज नाही. पट्टीचा समास सरकला, तर चालेल.

मागील हंगामाच्या खऱ्या पट्ट्या चालवून पाहाव्यात. त्यांच्या जोडीला यंदा बदललेल्या कपातींची उदाहरणेही हवीत. १९९६ मध्ये एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाला, कारण एरियन-४ मधून उचललेला कोड नव्या उड्डाणमार्गाच्या आकड्यांवर तपासलेलाच नव्हता.

आता अवघड भाग. बगांची संख्या रोज घटते, तेव्हा सॉफ्टवेअर सुधारले असेल किंवा टेस्टर त्याच त्या वाटेने फिरत असेल. आलेख दोन्ही वेळी सारखाच दिसतो, आणि येथेच मी बराच काळ अडखळत होतो. म्हणून एकच आवृत्ती दोन टेस्टरांना स्वतंत्रपणे द्यावी. समजा, पहिल्याला २० बग सापडले, दुसऱ्याला १५, आणि त्यांपैकी १० दोघांनाही सापडले. दुसऱ्याच्या १५ पैकी १० पहिल्यालाही सापडले, म्हणजे पहिला एकूण बगांपैकी दोन तृतीयांश पकडतो, असे धरावे; म्हणून २० गुणिले १५ भागिले १० म्हणजे एकूण अंदाज ३०. सापडले २५, म्हणजे सुमारे ५ अजून दडलेले आहेत. मात्र दोघांनी जेवणाच्या सुट्टीतही याद्या ताडून पाहता कामा नयेत, कारण तसे झाल्यास सामाईक बग वाढतात आणि अंदाज खोटा दिलासा देतो. सोपे बग दोघांनाही सापडतातच, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच आला आहे, असे धरावे. तो लहान आला तरी ताजे बग कोठे निघाले, ते पाहावे: सगळे समासाचे असतील तर पुढे जावे, पण एकही कपातीच्या हिशेबात निघाला असेल, तर तो दुरुस्त करून रकमेची संपूर्ण चाचणी नव्याने घ्यावी, मग अडत्या कितीही घाई करो.

जुनी आवृत्ती परत बसवता येते, याची खात्री करावी. रिलीज सौदे नसलेल्या दिवशी, आधी एकाच दुकानात करावे आणि पहिले काही दिवस हातानेही पट्टी काढून दोन्ही रकमा पैशापर्यंत जुळवाव्यात.