प्लेट हातात घेण्याआधी केमिकल विचारा

बडोद्यात इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेली आपली बरीच मुलं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागतात. मीही तिथेच क्वालिटीत काम शिकलो. नवा मुलगा आला की हमखास विचारतो, "स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचं चांगलं की ३१६चं?" मी उलट विचारतो, टाकीत काय भरणार?

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये निकेल थोडं जास्त, वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. क्लोराइडमुळे प्लेटला बारीक खड्डे पडतात, त्यांना हे मॉलिब्डेनम अटकाव करतं. पण महाग प्लेट म्हणजे सगळीकडे सरस, हा समज डोक्यातून काढा. नायट्रिक अ‍ॅसिडच्या टाकीला ३०४एलच लावतात, तिथे ३१६चे जादा पैसे वाया जातात. आणि क्लोराइड गरम असेल, प्लेटवर ताण असेल, तर ३१६लाही तडे जातात. मग ड्युप्लेक्स २२०५ या वेगळ्या जातीच्या स्टेनलेसचा विचार करावा लागतो.

'एल'कडे नवी मुलं फारसं लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. वेल्डिंग करताना जोडालगतचा पट्टा ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये रेंगाळला, की जास्तीचा कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो. त्या कणांच्या कडेला क्रोमियम कमी पडतं आणि पुढे गंज नेमका वेल्डच्या शेजारून सुरू होतो, बाकी प्लेट चकचकीत असली तरी.

यार्डात बरेच जण खिशात चुंबक ठेवतात. ४३० ग्रेडचं स्टेनलेस त्याला चिकटतं, एवढं कळतं. पण २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि ते ३०४सारखंच चिकटत नाही, म्हणजे इथे चुंबक कुचकामी. पीएमआय गन, म्हणजे धातूत काय काय आहे ते ओळखणारं हातातलं यंत्र, काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवते. मात्र एक्सरेवर चालणारी नेहमीची पीएमआय गन कार्बन मोजत नाही. ३०४ आणि ३०४एल तिला सारखेच! त्यासाठी स्टील बनवणाऱ्या मिलचं, कार्बनचा आकडा असलेलं टेस्ट सर्टिफिकेट काढून त्यावरचा हीट नंबर (भट्टीतून एकदा ओतलेल्या मालाचा क्रमांक) प्लेटवरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळवा. कटिंगला प्लेट जाण्यापूर्वी तोच नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्या. उरलेल्या तुकड्यावर तर आधी. महिन्याभराने तोच कोणीतरी टाकीच्या नोझलभोवती लावायच्या पॅडसाठी उचलतो.

फिलर वायरचं, म्हणजे वेल्डिंगच्या जोडात वितळवून भरायच्या तारेचं, सोपं आहे: ३०४एलला ३०८एल, ३१६एलला ३१६एल, एमएसशी (साध्या माइल्ड स्टीलशी) जोड असेल तर ३०९एल. आणि एमएसवर चाललेली ग्राइंडिंग डिस्क कोणी स्टेनलेसला लावताना दिसला तर लगेच हात धरा. लोखंडाचे कण प्लेटमध्ये रुततात, पावसाळ्यात तांबूस ठिपके उमटतात आणि गिऱ्हाईक चांगल्या ३१६एल प्लेटलाच नकली म्हणून परत पाठवतं.