यादी दिसते, पण बदल करताना ४०३ (परवानगी नाकारल्याची एरर)?
बाणेरच्या ऑफिसात युनिफाय कंट्रोलरवर (वायफाय-नेटवर्कची उपकरणं सांभाळणारी यंत्रणा) स्क्रिप्ट चालवताना माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. डिव्हाइसची यादी येत होती, वायफायचा पासवर्ड बदलायला गेलं की ४०३. मी लॉगिनलाच दोष देत बसलो. अहो, ते चुकलं असतं तर यादी तरी कशी दिसली असती? युनिफाय ओएसवर (युनिफायच्या नव्या उपकरणांमधली प्रणाली) माहिती वाचायला लॉगिननंतर मिळालेली कुकी पुरते. पोस्ट, पुट, म्हणजे बदलाच्या विनंत्या करताना मात्र लॉगिनच्या उत्तरातल्या हेडरमधून आलेलं सीएसआरएफ टोकनही (विनंती खरी आहे हे पटवणारा कोड) परत पाठवावं लागतं. खात्याला बदलाचे अधिकार आहेत ना, तेही बघा.

लॉगिनच होत नसेल तर पोर्ट तपासा: जुना सॉफ्टवेअर कंट्रोलर ८४४३ वर, युनिफाय ओएसचं उपकरण ४४३ वर. दोन्हींचे लॉगिनचे पत्तेही वेगळे. स्क्रिप्टला वेगळं लोकल खातं द्या. ओटीपी मागणाऱ्या खात्यावर ती तिथेच अडते.