मानस उघडण्याआधी गाळ मोजा

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे करमळीचं तळं किंवा कुडचड्याचं नंदा तळं (२०२२पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) अशा उथळ तळ्यांची पातळी वर्षभर वरखाली होत राहते, आणि तिच्यामागोमाग गाळही हलतो. म्हणून मानस, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं फळ्यांचं दार, उघडण्याआधी हा गाळ मोजायला हवा.

लाट पाण्याला तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच ढवळते. अर्धा किलोमीटर पसरलेल्या तळ्यावर जोराचा वारा साधारण अडीच मीटर लांबीच्या लाटा उठवतो. म्हणजे दोन मीटर पाण्याखालचा तळ शांत राहतो, पण पाणी एक मीटरवर आलं की सगळा तळ उचलला जातो. काठचा बारीक गाळ मग खोल भागात जाऊन साचतो.

हे मोजायला मानशीच्या दगडी बांधकामावर पक्की खूण करा आणि दर आठवड्याला पातळी नोंदवा, जूनमध्ये मात्र रोज. बसणारा गाळ पकडायला ८ सेंमी व्यासाचा, किमान ४० सेंमी लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या, खालचं तोंड बंद करा आणि बांबूला उभा बांधा. बादलीसारखं रुंद भांडं चालत नाही, पडलेला गाळ त्यातून पुन्हा उसळतो. पाइप दर दोन आठवड्यांनी रिकामा करा.

तळाचा नमुना पारदर्शक अॅक्रिलिक नळीत घ्या. होडीतून नळी सावकाश दाबा, ठोकू नका, नाहीतर गाळ दबतो. वर ओढण्याआधी वरच्या तोंडाला रबरी बूच घट्ट बसवा, आणि नळी पाण्याबाहेर येण्याआधी खालचंही. इथेच बहुतेकांचा नमुना निसटतो. दोन-दोन सेंमीच्या चकत्या कापून ओल्या तोला, १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा तोला. एकदा उघडा पडून तडकलेला गाळ नव्या गाळाइतकं पाणी परत धरत नाही, म्हणून पाणी कुठवर ओसरलं होतं ते चकत्यांवरून कळतं.

सेंद्रिय अंशासाठी ५५० अंशांवर जाळून वजनातली घट मोजण्याची पद्धत इथे जपून वापरावी. जांभ्याच्या मातीतली लोहखनिजं आणि चिकणमाती तेवढ्या उष्णतेत स्वतःतलं बांधलेलं पाणी सोडतात, आणि सेंद्रिय अंश आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

लाल गाळातलं लोह फॉस्फरस धरून ठेवतं, पण प्राणवायू असेपर्यंतच. मे महिन्यात साचलेल्या पाण्याच्या तळाशी तो संपला की फॉस्फरस सुटतो आणि पाणी हिरवं पडतं. वाळलेला गाळ पहिल्या सरींनी भिजल्यावरही पोषकद्रव्यं एकदम बाहेर येतात, म्हणून तो आठवडाभर रोज पाण्याचा नमुना घ्या.

खाजनालगतच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीलगतच्या) तळ्याची एक तपासणी चुकवू नका. काळ्या गाळाचा पीएच मोजा, तो ओलसर ठेवून किमान आठ आठवडे हवेत राहू द्या, पुन्हा मोजा. चारच्या खाली गेला तर गंधकाचं आम्ल होतंय. असा तळ उघडा पाडूच नका, माशांना आणि भाताला ते बाधतं.

तळ्यातलं पाणी उतरवायचंच असेल तर मानशीची एकेक फळी काढा, दिवसाला १०–१५ सेंमीपेक्षा जास्त पाणी उतरवू नका. घाई केली तर बांधाच्या पोटातलं पाणी आतच अडकतं, समोरचा आधार गेलेला असतो आणि ओली माती तळ्यात घसरते. बांधाच्या आतल्या बाजूला माथ्याला समांतर भेग दिसली तर त्याच वेळी फळ्या परत घाला.