बाबा गेल्यावर दोन पेन्शनचे कागद कसे लावले

बाबा 1968 मध्ये अठराव्या वर्षी फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन शाखेत, भरती झाले. जबलपूरला ट्रेनिंग, ट्रेड लाईनमन. 1971 च्या लढाईत रात्री तारा ओढल्या. त्याबद्दल विचारलं की "थंडी फार होती" एवढंच सांगायचे. पंधरा वर्षं भरल्यावर 1983 ला फौजेची पेन्शन घेऊन इंदूरला आले आणि माजी सैनिकांच्या कोट्यातून पोस्टमन झाले. रामबाग-नारायणबागेचं बीट (टपाल वाटायचा भाग), काळी सायकल, 2010 ला रिटायर. पंचाहत्तरी झाल्यावर, माघातल्या एका सकाळी, आई चहा गाळत असताना खुर्चीतच गेले. मागे दोन पेन्शन, दोन पीपीओ (पेन्शन मंजुरीचे आदेश) आणि आई. तुमच्याही घरात असे फौजी-पोस्टमन किंवा फौजी-बँकवाले असतील, तर मी काय केलं आणि काय करायला हवं होतं ते सांगते.

त्या दिवशी कागदांतला एकच कागद जपा: मुक्तिधामची, म्हणजे स्मशानातली, पावती. त्यावर नाव घाईत सांगू नका. आमच्या काकांनी रडतरडत घरातलं नाव सांगितलं होतं, ते मी तिथल्या तिथे खोडून पीपीओवरचं लिहून घेतलं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते. 30 दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. तेराव्याची वाट पाहू नका, अस्थी ओंकारेश्वराला नेण्याआधी कोणाला तरी नगर निगमच्या झोन कार्यालयात पाठवा. दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग पीपीओशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच घ्या.

तिरंग्याचंही सांगते, कारण शेजारचे काका प्रेमाने घेऊन आले होते. ध्वजसंहितेप्रमाणे पार्थिवावर तिरंगा घालायचा तो शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीतच. घरच्या अंत्ययात्रेत नाही. मी हात जोडून नको म्हटलं आणि बाबांची जुनी खाकी टोपी उशाशी ठेवली. काकांना थोडं लागलं, पण बाबांना नियम मोडलेला चालला नसता.

वर्तमानपत्रातली सूचना इथे हिंदीतच द्यावी लागते, सगळे उठावण्याचीच (शोकसभेच्या सूचनांची) पानं वाचतात. त्यात नुसतं "सेवानिवृत्त डाक कर्मचारी" लिहिलंत तर ओळखायला कोण येणार? बीट लिहा. आम्ही "रामबाग-नारायणबाग के पोस्टमन" असं छापलं आणि ज्यांच्या मनीऑर्डरी बाबांनी तीस वर्षांपूर्वी पोचवल्या त्या म्हाताऱ्या बायका रिक्षाने आल्या.

आता पेन्शन. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन बाबांची, दुसऱ्या दिवसापासून कुटुंब पेन्शन. पुढच्या महिन्याची पूर्ण रक्कम खात्यात आली म्हणून काढू नका, ती परत वळती होते आणि मग आईला वाटतं आपण काही चोरी केली. रक्कम साधारण किती? पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, कुटुंब पेन्शन 30 टक्के, म्हणजे पेन्शनच्या रुपयाला साठ पैसे, वर महागाई भत्ता. 67 च्या आत गेले असतील तर काही काळ जास्त दराने मिळते. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता.

एका कार्यालयात आम्हाला सरळ सांगितलं, "बाई, एकच मिळेल, कोणती हवी ते ठरवा." आई ठरवायलाही लागली होती. तुम्ही ठरवू नका. पुन्हा नोकरीला लागलेल्या माजी सैनिकाला फौजेची आणि नागरी नोकरीची अशा दोन वेगळ्या पेन्शन मिळत असतील, तर 24 सप्टेंबर 2012 पासून त्याच्या घरच्यांना दोन्ही कुटुंब पेन्शन मिळतात. त्याआधी खरंच एक निवडावी लागायची, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. ही तारीख कागदावर लिहून न्या. मी नेली, तेव्हा टेबलापलीकडचा आवाज जरा उतरला.

पोस्टाचं काम आठ दिवसांत झालं. आईचं नाव पीपीओत होतं, खातं दोघांचं होतं. अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, वयाचा पुरावा आणि जास्त पैसे आले तर परत करीन असं हमीपत्र. नवं खातं उघडावं लागलं नाही.

फौजेचं सात महिने चाललं, आणि त्याचं कारण 1974 मधलं तांदळाचं ताट.

आई माहेरची सिंधू. लग्नात ताटातल्या तांदळात बाबांनी "सुनंदा" लिहिलं. सुट्टी संपवून ते युनिटला गेले, तिथे लग्नाची पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या नोंदीत लग्न चढवणारा आदेश) निघाली ती आईच्या शाळेच्या दाखल्यावरून: सिंधू. नऊ वर्षांनी पोस्टाचा फॉर्म भरला तेव्हा घरातलं नाव दिलं: सुनंदा. आधारही सुनंदा. फौजेच्या लेखी बाबांची बायको सिंधू, आणि दारात उभी होती ती सुनंदा. दुसऱ्यांच्या पाकिटांवरचे चुकलेले पत्ते पंचवीस वर्षं बरोबर घरी पोचवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोचं नाव एकदाही तपासलं नाही!

मग शपथपत्र, दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात, लग्नाची पत्रिका (आत्याच्या ट्रंकेत मिळाली), आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका सुभेदारसाहेबांचं मार्गदर्शन. त्यांनी बाबांच्या डिस्चार्ज बुकातलं (फौजेतून सुटताना मिळालेल्या पुस्तकातलं) पान उघडून आधी आईची जन्मतारीख शोधली. तिथे जागा कोरी होती. ते म्हणाले, नावाबरोबर हीसुद्धा आत्ताच चढवा. कुटुंब पेन्शनरला 80 पूर्ण झाल्यावर 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40. तारीख नोंदलेली नसेल तर वाढ द्यायची कधी, हे कोणाला कळणार? आई 72 वर्षांची आहे. मला हे सुचलंच नसतं.

म्हणून माणूस हयात असतानाच एका रविवारी दोन्ही पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि आईचं आधार पलंगावर शेजारीशेजारी मांडा. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख. फरक दिसला तर त्यांच्या स्वतःच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज जाऊ द्या. त्यांची एक सही आमच्या सात महिन्यांच्या कामाची होती. आणि "माझं सगळं क्लिअर आहे" असं म्हणणाऱ्या वडिलांवर अजिबात विश्वास ठेवू नका.

महूच्या माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकचं कार्ड आणि कँटीनचं कार्ड ही कामं सोपी, एकेका खेपेत झाली.

फोनबद्दल मात्र सावध राहा. फौजेची पेन्शन आता "स्पर्श" या ऑनलाइन पोर्टलवर आहे आणि ओटीपी बाबांच्या नंबरवर येतो. माझ्या भावाने तिसऱ्या दिवशी सिम बंद करायला काढलं होतं, मी हातातून घेतलं. अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज मारत राहिले. आईचा नंबर जोडून झालाय, तरी नोव्हेंबरात तिचा पहिला हयातीचा दाखला लागेपर्यंत ते सिम चालू ठेवणार आहे. अधूनमधून त्यावर कोणीतरी फोन करून विचारतं, "पोस्टमन साहेब आहेत का?"