घरच्या मटणासाठी बोकड पाळायचाय? आधी पाला लावा

बदलापूर, मुरबाड, शहापूर साइडला वाडी आहे आणि स्वतः ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत राहतात, असे बरेच जण विचारतात की दोन-चार बोकड ठेवले तर घरापुरतं मटण सुटेल का. सुटतं, आणि खुराकाची गोणी न आणता पाल्यावरच सुटतं, पण बोकड सगळ्यात शेवटी आणायचा. लोक नेमकं उलटं करतात, दसऱ्याला करडं घेऊन येतात, डिसेंबरपर्यंत रान हिरवं असतं तोवर सगळं मजेत, आणि एप्रिलमध्ये गवत करपलं की मग पाला शोधत फिरतात, तोपर्यंत बोकडाचं वजन उतरलेलं असतं. (बीफचं विचारणारेही असतात, तर गाय कापायला राज्यात आधीपासूनच बंदी होती, बैल आणि वळू कापायलाही २०१५ पासून आहे, म्हणून हे सगळं बोकडाचंच लिहितोय.)

तर आधीच्या जूनमध्ये कुंपणाच्या कडेने शेवरी, सुबाभूळ, शेवगा लावून टाका. शेवरी पटकन वाढते, सुबाभूळ पुढच्या वर्षापासून खरी कामाला येते. पाण्याची सोय असेल तर दशरथ घासाचे दोन वाफे कराच, कापला की परत फुटतो. उंबर, फणस, बोर, आपटा आजूबाजूला असतातच. सुबाभूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, जास्त झाली की केस गळतात. भाताच्या पेंढ्यावर भागवू नका, त्यात दम नसतो, त्यापेक्षा वालाचं, तुरीचं भुसकट जमवून कोरड्या जागी भरून ठेवा, मे महिना त्यावर निघतो.

वीस किलोच्या बोकडाला दिवसाला साधारण तीन किलो हिरवा पाला आणि वर थोडं भुसकट लागतं. पाला जुडी बांधून उंच टांगा. शेळीला मान वर करूनच खायला आवडतं, पायाखाली आलेला पाला ती तोंडात धरत नाही, आणि जंताची पिल्लं गवताच्या बुडाशी असतात ती पण पोटात कमी जातात. बाजूला क्षाराची चाटण वीट आणि स्वच्छ पाणी. कण्हेर आणि घाणेरीपासून लांब ठेवा, कोवळी ज्वारी अजिबात नको. आणि लग्नातला उरलेला भात-पोळी प्रेमाने आणून घालू नका हो, पोट आंबून एका रात्रीत जनावर जातं.

करडं तीन-चार महिन्यांची, दूध सुटलेली घ्या, एकटं नको, एकटं करडू ओरडून ओरडून खात नाही. आपल्याकडच्या पावसाला कोकण कन्याळ जातीची शेळी चांगली, नाहीतर उस्मानाबादी. वास नको असेल तर लहानपणीच डॉक्टरकडून खच्ची करून घ्या. आणि तिथे रोज बघणारं माणूस पाहिजेच, शनिवार-रविवारी जाऊन हे होत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. थंडी-उन्हाने बोकड मरत नाही इतका ओलीने मरतो. जमिनीपासून तीन-चार फूट उंच लाकडी माच करा, फळ्यांत बोटभर फट ठेवा म्हणजे लेंड्या-मूत खाली पडतं, एका मोठ्या जनावराला दहा-बारा चौरस फूट जागा धरा आणि झड आत येणार नाही असं छप्पर. पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत भरपेट खाल्लं की आंत्रविषार (आतड्यात विष तयार होऊन जनावर अचानक मरतं तो रोग) होतो, म्हणून त्याची लस मे महिन्यातच, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) तीन वर्षांतून एकदा, बाकीचं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. भाताच्या खाचरात चरायला सोडू नका, तिथल्या गोगलगाईंमुळे काळजाला, म्हणजे कलेजीला, चपटे कृमी लागतात आणि जबड्याखाली सूज येते. दर आठवड्याला डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, लालसर असेल तर ठीक, पांढरी पडली तर जंत झालेत, औषध लागणार. औषध दिल्यावर किती दिवस मटण खायचं नाही ते डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा, हे कोणी पाळत नाही आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं, घरच्या पोरांनाच तर खायला घालणार आपण.

दसऱ्याला आणलेलं करडू गटारीपर्यंत वर्षाचं होतं, वीस-बावीस किलो भरलं तर चांगलं म्हणायचं. त्यातून हाडासकट साधारण दहा किलो मटण, शिवाय मुंडी, पाय, कलेजी, वजडी. आदल्या रात्री चारा बंद, पाणी चालू. कापायला परवाना असलेला खाटीक बघा, महापालिकेच्या हद्दीत सोसायटीच्या आवारात तर नाहीच. कापल्यावर एकतर लगेच शिजवा नाहीतर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात रात्रभर राहू द्या आणि मग फ्रीजरला टाका, गरम मटण सरळ फ्रीजरमध्ये गेलं की चिवट होतं. पाल्यावरच्या बोकडाला चरबी कमी, त्यामुळे मंद आचेवर निवांत शिजवा, आणि वजडी मात्र त्याच दिवशी साफ करून संपवा.