पाठटाचणात पवित्र शास्त्राची दृष्टी कशी आणावी

घटक शिकवून झाल्यावर पाठटाचणातील, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यातील, ‘मूल्य’ या रकान्यात घाईने बायबलमधले एखादे वचन लिहून टाकण्याची सवय ख्रिस्ती शाळांतील आपल्यापैकी अनेकांना आहे. ते वचन खोडले तरी पाठात काही फरक पडत नसेल, तर ते पाठात मुळात नव्हतेच असे समजावे. म्हणून टाचण लिहिताना आधी वचन शोधू नये. माणूस, निसर्ग, श्रम किंवा न्याय यांविषयी हा घटक कोणता प्रश्न उभा करतो, तो एका वाक्यात लिहावा.

सहावी-सातवीचा शेकडेवारीचा घटक घ्या. कापसाच्या गावात काट्यावरची लबाडी मुलांना सांगावी लागत नाही. काटा क्विंटलमागे २ किलो कमी दाखवतो आणि भाव ७,००० रुपये आहे असे धरले, तर १५ क्विंटलांवर ३० किलो, म्हणजे २,१०० रुपये बुडतात. हे गणित मुलांनी स्वतः सोडवावे आणि ती रक्कम किती दिवसांच्या मजुरीइतकी होते, हेही काढावे. त्यानंतर बायबलच्या लेवीय या पुस्तकातील १९:३५-३६ वाचावे. तेथे खऱ्या तराजूची आज्ञा एफा (धान्याचे माप) आणि हीन (द्रवाचे माप) यांची नावे घेऊन दिलेली आहे, त्यामुळे वचन उपदेशासारखे न वाटता त्याच हिशेबाचा पुढचा भाग वाटते.

कापणीनंतर राहिलेले पीक गरिबांसाठी सोडावे, असे सांगणाऱ्या त्याच अध्यायातील नवव्या-दहाव्या ओवी भूगोलातील शेतीच्या पाठाला जोडता येतात. मराठी शास्त्रातला ‘सरवा’ हा शब्द आपल्या मुलांना घरचाच आहे, ही आपली मोठी सोय. हरभरा काढल्यावर शेतात उरलेला सरवा कोण वेचते, मालक ते वेचू देतो का, हे त्यांनी घरी विचारून यावे आणि मग दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणाऱ्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचावा. मालकाची मुले आणि मजुरांची मुले एकाच बाकावर बसलेली असतात. कोणाच्याही घराचे नाव वर्गात निघणार नाही, याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

विज्ञानात ओढूनताणून वचन आणण्याचा मोह टाळावा. १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा चालवत आणि त्याच परिसरातील खडक व जीवाश्म बारकाईने गोळा करत. जीवाश्मांच्या पाठाला त्यांचे उदाहरण पुरेसे आहे: सृष्टी देवाची मानणाऱ्या माणसाने दगड अधिक लक्षपूर्वक पाहिला. भाषेच्या तासाला मात्र कवितेला आधी कविता म्हणूनच वाचू द्यावे.

आपल्या शाळांत बौद्ध, हिंदू, मुस्लिम आणि आदिवासी घरांतील मुले मोठ्या संख्येने असतात. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार दिला आहे. पण शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते, असे कलम २८(३) सांगते. त्यामुळे वचनाचे वाचन कोठे आहे ते टाचणात उघडपणे नोंदवावे, पालकांची संमती आधीच घ्यावी आणि संमती नसलेल्या मुलासाठी त्याच प्रश्नावरचे दुसरे काम तयार ठेवावे. मूल्यमापन गणिताचे आणि युक्तिवादाचे करावे, श्रद्धेला गुण देऊ नयेत.

तास संपल्यावर शेऱ्याच्या रकान्यात ‘पाठ यशस्वी’ असे न लिहिता मुलांनी विचारलेला एखादा अवघड प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवावा. पुढच्या वर्षीचे टाचण तेथून सुरू करता येते.